तुरळक ठिकाणी

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला हवामान नसते. त्याच्या डोक्यावर बारा महिने तोच पंखा फिरतो, समोर बारा महिने तीच रांग असते आणि बाहेर ऊन आहे की पाऊस हे त्याला ग्राहकाने काउंटरवर टेकवलेल्या ओल्या छत्रीवरून कळते. त्यातून मी कॉमर्सचा पदवीधर. ‘दाब’ म्हटले की मला मॅनेजर आठवतो आणि ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हटले की मॅनेजर रजेवर असतानाचा आठवडा. असा मनुष्य हवामानाच्या अंदाजांचा इतिहास लिहायला बसला, तर वाचकांनी वेळीच सावध झालेले बरे. इशारा देऊन ठेवला आहे. पुढची जबाबदारी माझी नाही.

पण वाशीमसारख्या जिल्ह्यात बँकेत नोकरी करायची आणि आभाळाकडे पाहायचे नाही, हेही जमत नाही. सोन्यावर कर्ज दिले तर सोने तिजोरीत असते. घरावर दिले तर घर निदान जागचे हलत नाही. पीककर्जाचे तारण मात्र रात्रंदिवस उघड्यावर उभे असते. आमच्या जिल्ह्याचा सगळा संसार पावसाळ्यात सोयाबीन-तुरीवर आणि हिवाळ्यात हरभरा-गव्हावर चालतो. पाऊस जूनमध्ये यावा आणि फेब्रुवारीत येऊ नये, एवढीच आमची देवाकडे मागणी. त्यातली पहिली मागणी देवाला बहुधा ऐकू येत नाही आणि दुसरी उलटी ऐकू येते.

फेब्रुवारीतल्या या पाहुण्याचे नाव गारपीट. इंग्रजी कादंबऱ्यांतले हिवाळी वादळ कसे ऐसपैस असते! तीन-तीन दिवस बर्फ पडतो, माणसे शेकोटीभोवती बसतात, एखादा खून होतो आणि तो उघडकीलाही येतो. आमचे हिवाळी वादळ दहा-पंधरा मिनिटांचे. आभाळ शाईची दौत लवंडल्यासारखे होते, झाडे एकदम गप्प होतात, मग टिनावर ताशा वाजू लागतो. ताशा थांबल्यावर बाहेर येऊन पाहावे, तो अंगणात पोरे गारा वेचत असतात आणि शेतात पिकाच्या जागी काड्या उभ्या असतात.

या विषयात मी ओढला गेलो तो सासऱ्यांमुळे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी रिसोड तालुक्यातले शेतकरी. त्यांचा असा पक्का समज आहे की, जावई बँकेत आहे म्हणजे तो सरकारच्या आतल्या गोटातला आहे. आणि पाऊस कधी पडणार हे सरकारला ठाऊक असते, ते मुद्दाम सांगत नाही. त्यामुळे हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरला की त्यांचा फोन सुरू होतो.

“जवाईबापू, काय म्हन्ते वातावरन?”

“विदर्भात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता आहे, मामाजी.”

“तुरळक म्हंजे? आपलं गाव तुरळकमधी येते का नाई?”

या प्रश्नाला कॉमर्समध्ये उत्तर नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला, तर आतून आवाज आला, “बाबांना नीट सांगत जा. बँकेत सांगता तसं नका सांगू.” तेव्हा या ‘तुरळक’चा छडा लावायचाच असे मी ठरवले आणि पदरी असलेल्या रजा खर्ची घालून थोडा अभ्यास केला. त्यात पहिली गोष्ट कळली ती ही की, हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द ढिसाळपणे वापरलेला नसतो. एखाद्या विभागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल, तर ते तुरळक. सव्वीस ते पन्नास म्हणजे काही ठिकाणी. एक्कावन्न ते पंचाहत्तर म्हणजे बऱ्याच ठिकाणी. त्याच्या वर गेले की सर्वदूर. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द खरा ठरायला विदर्भात कुठेतरी गार पडली की पुरे. खाते उत्तीर्ण होते. मामाजींचे गाव त्या पंचवीसांत की पंचाहत्तरांत, हा प्रश्न पेपरात नसतोच.

दुसरी गोष्ट कळली ती अशी की, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्यावर फार मोठमोठ्या माणसांनी हात पोळून घेतले आहेत.

कौटिल्याचेच पाहा. अंदाज वगैरे भानगडीत तो फारसा पडला नाही. हा मनुष्य आज असता तर आमच्या ऑडिट खात्यात असता. त्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले की, कोठारात हातभर तोंडाचे एक भांडे ठेवावे आणि पडलेला पाऊस मोजावा. कुठल्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचा तक्ताही त्याने दिला आहे: अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस. आणि अपरान्त, म्हणजे कोकण? तिथला पाऊस अमित. कोकणातला पाऊस मोजण्याचा नाद कौटिल्यानेही सोडून दिला होता, हे वाचून मला फार बरे वाटले. माझी कोकणात बदली झाली असती तर मीही तेच लिहिले असते.

त्याच्यानंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या सहाव्या शतकात, वराहमिहिर आला. (त्याच्या आधीच्या शतकात आमचे वाशीम वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होते. हे वाक्य कुठल्याही लेखात घालण्याची संधी वाशीमचा माणूस सोडत नाही.) वराहमिहिराचे म्हणणे असे की, पावसाळा हा पावसाळ्यात ठरतच नाही. तो हिवाळ्यात ठरतो. मार्गशीर्ष-पौषात ढगांना गर्भ राहतो आणि बरोबर १९५ दिवसांनी त्यांची प्रसूती होते. आता, एवढी अचूक मुदत आमच्या मुदतठेवीलाही नसते. पण त्याच्या बृहत्संहितेत गारांविषयी जे आहे ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. पूर्ण वाढलेला गर्भ काही ग्रहपीडेमुळे वेळेवर बरसला नाही, तर तो पुढच्या गर्भधारणेच्या हंगामात गारांसकट बरसतो. गाईचे दूध फार काळ अडून राहिले की जसे घट्ट होते, तसे हे पाणी घट्ट होते, असा त्याचा दाखला. म्हणजेच, मुदतीत न फेडलेले पाणी आभाळ पुढे दंडव्याजासह फेडते. थकबाकीची इतकी स्वच्छ व्याख्या मी आमच्या एकाही परिपत्रकात वाचलेली नाही.

आजचे शास्त्र हे मानत नाही. ते सांगते की, भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात एकामागून एक पश्चिमी झंझावात पूर्वेकडे निघतात. त्यांचे मुख्य काम हिमालयात बर्फ पाडणे. पण त्यांच्यातला एखादा दक्षिणेकडे झुकला की वरच्या थरात थंडगार कोरडी हवा मध्य भारतावर पसरते. त्याच वेळी खाली समुद्रावरून दमट वारे येऊन पोचले की दोघांची गाठ नेमकी विदर्भ-मराठवाड्यावर पडते. खालची ऊबदार हवा उसळी घेऊन वर जाते, ढग मैलोगणती उंच वाढतो आणि त्यात एखादा बर्फाचा कण वरखाली हिंदकळू लागतो. दर खेपेला त्याच्यावर गोठणाऱ्या पाण्याचा एक थर चढतो. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना परातीत तीळ हलवत पाक कसा चढवत नेतात, तसेच. फरक इतकाच की हा हलवा संक्रांत होऊन गेल्यावर तयार होतो आणि वाढताना हात आखडता घेत नाही. वारा पेलेनासा झाला की तो खाली येतो.

हे सारे कुठल्या ढगात आणि कुठल्या गावावर होणार, ते दोन दिवस आधी सांगणे आजही कठीण आहे. झंझावात शेकडो कोसांचा असतो, तो उपग्रहाला दिसतो. गारांचा पट्टा कधीकधी दोन गावांच्या शिवारांएवढा. या बांधावर हरभरा आडवा आणि त्या बांधावर डौलात उभा, असे मी स्वतः पाहिले आहे. त्या दोन बांधांचे मालक सख्खे भाऊ होते आणि वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.

वादळ आधी कळू शकते हे जगाला पटले, तेही एका हिवाळी वादळामुळे. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात काळ्या समुद्रावर, बालाक्लाव्हापाशी, इंग्रज-फ्रेंचांच्या आरमाराला वादळाने गाठले आणि तीसेक जहाजे बुडवली. त्यांतल्या एका जहाजात सैनिकांसाठी गरम कपडे भरलेले होते. म्हणजे थंडीने आधी कोट बुडवले आणि मग सैनिकांना धरले. फ्रेंच सरकारने हे प्रकरण ल व्हेरिए या ज्योतिर्विदाकडे सोपवले. याच गृहस्थाने १८४६ साली नुसत्या कागदावर आकडेमोड करून नेपच्यून कुठे सापडेल ते सांगितले होते. त्याने ठिकठिकाणच्या नोंदी गोळा केल्या आणि दाखवून दिले की, हे वादळ युरोप ओलांडत आले होते. तारायंत्राने पुढे वर्दी दिली असती तर जहाजांना सावध करता आले असते. युरोपातून पूर्वेकडे, त्याच वाटेने! आमच्या गारांचे माहेर त्याच मुलखात आहे, हे कळल्यापासून मला क्रिमियाचे युद्ध घरचे वाटू लागले आहे.

त्याच वर्षी इंग्लंडात हवामानाचे खाते निघाले आणि त्यावर ॲडमिरल फिट्झरॉय यांची नेमणूक झाली. डार्विनला ‘बीगल’ जहाजातून जगभर हिंडवून आणणारा कप्तान तो हाच. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात सापडून चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉयने हट्टाने बंदरांवर इशाऱ्याच्या खुणा चढवायला सुरुवात केली आणि १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोजचे अंदाज छापायला दिले. हवामानाच्या अंदाजाला इंग्रजीत जो ‘फोरकास्ट’ शब्द आहे, तो या कामी त्यानेच लावला. भविष्य, भाकीत असले शब्द त्याला नको होते.

लोकांना मात्र तेच हवे होते. अंदाज चुकला की वर्तमानपत्रे खिल्ली उडवत, बरोबर आला की गप्प बसत. मासेमारी जहाजांच्या मालकांची तक्रार आणखी वेगळी होती. इशारा लागला की कोळी समुद्रावर जायला तयार होत नसत आणि मालकांचा दिवस बुडे. वादळ आले नाही तर नुकसान फिट्झरॉयच्या नावावर. आले तर वाचलेल्या माणसांची जमा कुठल्याच वहीत धरली जात नव्हती. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयने आत्महत्या केली. तो कर्जबाजारी होता, प्रकृती खालावलेली होती, कारणे अनेक होती. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांच्या समितीने त्याचे काम अशास्त्रीय ठरवले आणि अंदाज व इशारे बंद झाले. मग ओरड केली कोणी? बंदरांवरच्या माणसांनी. वर्षभरात वादळाचे इशारे पुन्हा सुरू करावे लागले.

आपल्याकडे हवामान खाते आले १८७५ साली. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळ झाले, १८६६ ला ओरिसात दुष्काळ पडला, आणि मग एक खाते निघाले. सरकारी शिस्तीप्रमाणे आधी नुकसान, मग खाते. पहिला अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड. त्याने असे पाहिले की, ज्या हिवाळ्यात हिमालयात बर्फ जास्त पडतो, त्या वर्षी पावसाळा कमजोर येतो. आणि ४ जून १८८६ रोजी त्याने पावसाळ्याचा पहिला अंदाज प्रसिद्ध केला. वराहमिहिर हिवाळ्याकडे बघून पावसाळा सांगत होता, ब्लॅनफर्डही हिवाळ्याकडेच बघत होता. त्यापुढे दोघांचे जमण्यासारखे काही नाही, पण दोघांची मान एकाच दिशेला वळलेली पाहून मौज वाटते.

गारांचा अंदाज मात्र कोणीच देऊ शकत नव्हते. ३० एप्रिल १८८८ ला, म्हणजे योगायोगाने फिट्झरॉयच्याच पुण्यतिथीला, उत्तरेत मुरादाबादेला गारा पडल्या आणि त्यात २४६ माणसे मेली. गारांनी एका वेळी इतकी माणसे मेल्याची दुसरी नोंद जगात नाही. शेळ्या-मेंढ्या मेल्या त्या हजारावर. हे वाचल्यापासून अंगणात गारा वेचणाऱ्या पोरांना मी आत हाकलतो. पोरे मला अरसिक समजतात.

आता मामाजींच्या समजाकडे येतो. सरकारला ठाऊक असते, पण ते सांगत नाही, हे त्यांचे मत मी वर्षानुवर्षे हसण्यावारी नेत होतो. ब्लॅनफर्डनंतर खात्यावर जॉन इलियट आले. १८९९ साली त्यांच्या खात्याचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. त्या साली जो दुष्काळ पडला तो हिंदुस्थानच्या इतिहासातल्या भीषण दुष्काळांपैकी एक. वऱ्हाडाची अशी दैना झाली की १९०१ च्या खानेसुमारीत इथली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. तेव्हा सरकारने काय करावे? पुढे काही वर्षे पावसाचा अंदाज गुप्त ठेवला. तो तयार होई, पण फक्त सरकारी अधिकाऱ्यांना वाचायला मिळे! मी हे मामाजींना सांगितले तेव्हा ते नुसते हसले. शंभर वर्षे जुनी वसुली झाल्यासारखे हसले.

(त्याच सुमारास इंग्रजांनी आणखी एक गोष्ट केली. तोवर वाशीम हा ‘बासिम’ या नावाने स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला-यवतमाळात वाटून टाकला. तो परत मिळाला १ जुलै १९९८ ला. ९३ वर्षांनी! याचा अंदाज ना कोणत्या खात्याने दिला होता, ना कोणत्या ज्योतिषाने.)

इलियटनंतर, १९०४ साली, आला गिल्बर्ट वॉकर. हा केंब्रिजचा गणिती. हवामानाचे त्याला काही कळत नव्हते, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले. बूमरँग फेकण्याचा त्याला छंद होता. अंदाज वर्तवणाऱ्या माणसाला याहून योग्य छंद सुचत नाही. जगभरातले दाब, तापमान, पाऊस, बर्फ, नद्यांचे पूर यांचे आकडे घेऊन कशाचा कशाशी मेळ बसतो हे त्याने वीस वर्षे शोधले. त्यातूनच प्रशांत महासागरावरचा दाब वर गेला की हिंदी महासागरावरचा खाली येतो, हा झोका त्याला सापडला. आज ‘एल निनो’चे नाव पानटपरीवरही निघते, त्याच्या मुळाशी हाच झोका आहे. पण माझा ऊर भरून आला तो वेगळ्याच गोष्टीने. ही सगळी आकडेमोड संगणक नसताना केली कोणी? सिमल्याच्या कचेरीतल्या हिंदी कारकुनांनी! रकाने आखून, बेरजा मारून, ताळा जमवून. सिद्धांताला नाव वॉकरचे लागले. कारकुनांची नावे कोणी विचारीत नाही, याची मला सवय आहे.

१९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. पुणेकरांनी त्या दगडी इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्यात एकदा पडलेले नाव आणि वाशीमात एकदा पडलेली गार, दोन्ही परत घेता येत नाहीत.

इकडे आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, भेंडवळला, दर अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, करंजी, भोवती अठरा प्रकारची धान्ये. रात्रभर तिथे कोणी जायचे नाही. पहाटे कुठले ढेकूळ किती भिजले, कुठला दाणा कुठे सरकला यावरून पाऊस, पिके, झालेच तर राजाचे भवितव्यही सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे म्हणतात. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी मंडळी दरवर्षी आक्षेप घेतात, आणि शास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्यांचेच खरे आहे. मुंगीने दाणा नेला तर तुरीचा भाव चढतो, हे मला बँकेत बसून पटत नाही. पण पहाटे तिथे जमणाऱ्या गर्दीकडे पाहून एक गोष्ट ध्यानात येते. त्या मांडणीत ‘तुरळक ठिकाणी’ नसते. हरभरा ‘साधारण’, ज्वारी ‘चांगली’, पाऊस ‘लहरी’. चुकले तरी भेंडवळवर कोणी फिर्याद करीत नाही. हवामान खात्यावर मात्र २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती: पाऊस सांगितला, म्हणून पेरले, आणि पाऊस आला नाही. मला त्या ठाणे अंमलदाराची दया येते. आरोपीचे नाव, वय, राहणार, या रकान्यांत काय भरणार?

आता मुद्द्याचे. इथवर जे सांगितले ते पुस्तकातले; पुढचे पुस्तकात नाही.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. गार एक दिवस येते आणि जाते, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. त्या वर्षी ती मुक्कामालाच आली. दोन आठवडे रोज कुठे ना कुठे. गहू, हरभरा, कांदा, संत्री, द्राक्षे, कोंबड्या, मेंढरे, पाखरे. आमच्या शाखेत तेव्हा माणसे कर्ज मागायला येत नव्हती, भरायलाही येत नव्हती. नुसती बाकावर येऊन बसत. आम्ही पंखा लावायचो.

त्यानंतर मामाजींचा आभाळावरचा विश्वास उडाला आणि माझ्यावरचा वाढला. दोनेक वर्षांनी गारपिटीचा इशारा आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने फोन केला. “मामाजी, इशारा आहे. सोंगून घ्या.” त्यांनी दीडपट मजुरी देऊन, चार दिवस आणखी उभा राहायला हवा होता तो हरभरा घाईने सोंगला. दाणा पोचट भरला, भाव पडून मिळाला. गार पडली, शे-दीडशे कोसांवर. खात्याचे ‘तुरळक’ खरे झाले. मामाजी एक शब्द बोलले नाहीत. घरातून मात्र मला ऐकू आले की, “बाबांनी चाळीस वर्षं शेती केली ती काय तुमच्या फोनवर?”

मग आला २०१८ चा फेब्रुवारी. त्या महिन्याची १० तारीख दुसऱ्या शनिवारची, म्हणजे बँकेला सुट्टी. मी निवांत पेपर वाचत होतो. विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीचा इशारा होता. वाचला. मनात म्हटले, तुरळक ठिकाणी. फिट्झरॉय मला तेव्हा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी मी काय वेगळे केले असते कोण जाणे. मागच्या खेपेची दीडपट मजुरी डोळ्यांपुढे होती आणि त्याहून जास्त, घरातला तो आवाज कानात होता. फोन हातात घेतला, ठेवला, आणि दुपारी झोपलो.

रविवारी, ११ तारखेला, गारपिटीने जालना, बुलडाणा, वाशीम झोडपून काढले. राज्यात माणसेही गेली. अंदाज दिवसाला आणि जिल्ह्याला धरून बरोबर होता. मामाजींचे गाव या वेळी तुरळकमध्ये आले होते.

सोमवारी ते बँकेत आले. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे गारपिटीच्या नुकसानीची खबर ४८ तासांच्या आत द्यायची असे आणि मंगळवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. रांग फार मोठी होती. मामाजी जावई म्हणून आत येऊन बसले नाहीत, रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्यातून मूठभर घाटे काढून काउंटरवर ठेवले. काही फुटलेले, काही देठासकट तुटलेले, सगळे ओले. मी अर्ज भरायला घेतला. गट नंबर, क्षेत्र, पिकाचे नाव, नुकसानीचे कारण, नुकसानीचा दिनांक. (त्या अर्जाचे पुढे काय झाले तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख विनोदी होणार नाही.) सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी सही केली, पेन परत दिले आणि हलकेच म्हणाले,

“शनवारी तुमचा फोन नाई आला, जवाईबापू.”

मागचा माणूस पुढे सरकला.

तेव्हापासून मी अंदाज गाळत नाही. फेब्रुवारी लागला की इशारा येवो, नारिंगी येवो, पिवळा येवो, मी पत्रकातला शब्द न् शब्द मामाजींना फोनवर वाचून दाखवतो. सल्ला देत नाही. तुरळक म्हणजे शंभरात पंचवीसपर्यंत, हेही त्यांना पाठ झाले आहे. ते ऐकून घेतात, आपला हरभरा किती वाळला आहे, मजूर मिळतात का, ताडपत्री किती आहेत याचा मनाशी हिशेब करतात आणि कधी सोंगतात, कधी सोंगत नाहीत. मागच्या हिवाळ्यात असाच इशारा होता. त्यांनी दोन दिवसांत अर्धा हरभरा सोंगून घरात आणला, अर्धा ठेवला. रात्री अकराला फोन वाजला. मी दचकून उठलो.

“जवाईबापू, झोपले का?”

“नाही, मामाजी. काय झालं? पडली का?”

“नाई ना बा. आभाळ फाकलं. चांदन्या दिसून राह्यल्या.”

“मग?”

“मंग काही नाई. झोपा.”